दोन पोटांच्या मध्ये

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये माझ्या हातचा सगळ्यात जास्त मार खातो तो बर्फ. किडनी बदलायची असली की आदल्या दिवशी सलाइनच्या पिशव्या डीप फ्रीजरमध्ये घालायच्या, सकाळी निर्जंतुक कापडात गुंडाळायच्या आणि स्टीलच्या हातोडीने कुटायच्या. मी रागावलेली असले की बर्फ बारीक होतो, असं सोबतच्या सिस्टर म्हणतात, आणि मी बहुधा रागावलेलीच असते. कुटलेला बर्फ मोठ्या वाडग्यात ओतून हातमोज्यातल्या बोटांनी चाचपायचा. एकही टोकदार खडा राहता कामा नये. त्या गार लगद्यात दुसरा छोटा वाडगा, त्यात थंड औषधी पाणी, आणि त्या पाण्यात एकाच्या पोटातून काढलेली किडनी. दुसऱ्याच्या पोटात जाईपर्यंत ती तिथेच राहते. तेवढा वेळ ती सर्जनच्या आणि माझ्या हवाली असते.

नोकरी जळगावात, सासर धुळ्याचं, माहेर असोद्याचं. केळीच्या चिकाचे डाग पडलेले फ्रॉक घालून मी मोठी झाले, म्हणजे केळी काय चीज आहे हे मला कोणी शिकवायला नको. तरीही त्या चोपड्याकडच्या आबांनी मला पेचात पकडलंच.

आबा केळीवाले. त्यांच्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, दिवसाआड डायलिसिस चालू, आणि आता त्याचं शरीर डायलिसिसलाही दाद देईनासं झालं होतं. आईची किडनी जुळली. सगळ्या तपासण्या, सगळे कागद पार पडले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेले, ते फक्त आईला उद्याची तयारी सांगायला. तिला सगळे अक्का म्हणत. डोक्यावर पदर घेऊन ती कॉटवर बसली होती आणि आबा शेजारी स्टुलावर.

"तिना पोटमाईन काढतस आनि पोऱ्याना पोटमा टाकतस, ते समजनं," आबा म्हणाले. "मधमा कोठे ठेवतस?"

"बर्फात," मी सवयीने बोलून गेले.

झालं! आबा ताडकन उभे राहिले. "बर्फमा? मंग तं काळी पडी जाई!"

हसू नका. आमच्याकडे केळी कोणी फ्रीजमध्ये ठेवत नाही. माझ्या वहिनीने लग्नानंतर नवेपणी एकदा ठेवली होती, तिला अजून त्यावरून चिडवतात. आबांचं दुखणं तर त्याहून मोठं होतं. एकदा त्यांचा माल गारव्याच्या कंटेनरमधून परदेशी गेला आणि मशीन कुठेतरी चुकलं, थंडी जास्त झाली. "बठ्ठा माल काळा पडी गया व्हता," ते म्हणाले, आणि घरातलं माणूस गेल्यासारखा त्यांचा आवाज उतरला. "तसं व्हई तं नको. तिनी बी जाई, आनि पोऱ्याना बी काममा येवाव नही."

मी अक्कांकडे पाहिलं. शेवटी शरीर त्यांचं, निर्णय त्यांचा.

"त्यास्ले इचारा," नवऱ्याकडे मानेने खूण करून त्या म्हणाल्या.

म्हणजे सगळं घोडं बर्फावर येऊन अडलं. देणाऱ्याचं मन डळमळलं तर आमचे सर्जन सुरी उचलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण पलीकडच्या वॉर्डात तो मुलगा सुजलेले पाय घेऊन उद्याची वाट बघत पडला होता. माझा पारा चढला. "आबा, किडनी आहे ती. केळीची फणी नाही!"

बोलून टाकलं आणि मग वाटलं, अगं, विचारतायत ते काही वावगं नाही. डॉक्टरांनी दोनदा समजावलं तेव्हा आबांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती. मनातला खरा प्रश्न त्यांनी आत्ता काढला होता. मी आबांना बसवलं, दुसरं स्टूल ओढलं आणि असोद्याच्या बोलीवर आले.

"आबा, मले सांगा, घड कापला का फण्या कुठे टाकता?"

"हौदमा."

"कायले?"

"चीक निंघाले पाह्यजे. चीक राहिना तं डाग पडस."

"मग आमचंही तेच," मी म्हटलं. किडनी बाहेर आली की तिच्यातलं रक्त हाच तिचा चीक. तिच्या रक्तवाहिनीत बारीक नळी घालायची, स्टँडवर उंच टांगलेल्या पिशवीतलं थंड पाणी सोडायचं. दुसरीकडून आधी लाल पाणी येतं, मग फिकट, मग नितळ. ती पांढुरकी झाली की भोवतीची चरबी काढायची, बारीक शिरा बांधायच्या, कुठे गळत तर नाही ना ते बघायचं. बर्फ तिला थेट लागला तर ती खराब होईल, इतपत आबांचं म्हणणं खरंच होतं, आणि मी ते कबूल केलं. म्हणून तर फण्यांमध्ये फोमचा कागद घालतात, तसा आम्ही वाडग्यात वाडगा ठेवतो. "केळीला एवढी थंडी बाधते, आबा. हिला थंडीच तारते. गारव्यात ती झोपून राहते."

आबांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "मंग माले दखाडा."

आता आली का पंचाईत! आमच्याकडे पोटातून काही काढलं की नातेवाइकांना दाखवायची रीत आहे. पित्ताचे खडे तर लोक डबीत घालून घरी नेतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. पण जी पुन्हा कोणाच्या पोटात जायची, ती दारापर्यंत आणायची कशी? मी साफ नाही म्हटलं. "दाखवण्यासारखं असेल ते मी स्वतः दाखवीन. ती नाही."

आबांनी विचारलं, "तू असोदानी पोर शे ना?"

"हो."

"मंग ठीक शे."

अक्कांना मी पुन्हा वेगळं विचारलं. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. अक्कांची किडनी माझ्या वाडग्यात आली, धुऊन नितळ झाली, मुलाच्या पोटात बसली. टाके झाले, सर्जननी चिमटे सोडले. एरवी रक्त शिरलं की बघता बघता ती गुलाबी होते. त्या दिवशी एक बाजू गुलाबी झाली आणि दुसऱ्या बाजूला जांभळट काळा डाग तसाच राहिला.

 भूलतज्ज्ञांनी रक्तदाब वाढवला, सर्जननी किडनी जराशी वळवून रक्तवाहिनीवरचा ताण सोडवला, मी कोमट पाणी देत राहिले.  मी एरवी सगळ्यांना धारेवर धरणारी, पण मनातल्या मनात आमच्या कानबाई देवीला हाका मारत होते. डोळ्यांसमोर आबांचा तो काळा पडलेला माल. मला भीती वाटत होती, ती नुसती पेशंटची नव्हती. मी शब्द दिला होता.

मग डाग कडेने आक्रसायला लागला. आणखी थोडा. आणि सगळी किडनी गुलाबी झाली. मूत्रनळीच्या टोकाला एक थेंब आला, पाठोपाठ चिळकांडी उडाली, आणि मास्कमागे सर्जन हसले ते डोळ्यांत दिसलं.

मुलाला अतिदक्षता विभागात आणल्यावर मी आबांना काचेपाशी नेलं. कॉटखाली लटकलेल्या पिशवीत पिवळं पाणी भरत होतं. "ते बघा. तिचंच काम आहे ते." आबांनी टोपी काढली आणि लघवीच्या पिशवीला हात जोडले. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी अक्का नीट शुद्धीवर आल्या. मला बघून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मुलाचं विचारतील, नाहीतर दुखतंय म्हणतील, म्हणून मी वाकले.

"काळी तं नही पडनी ना?"

म्हणजे माझा हौद, माझी नळी, माझा फोमचा कागद, यातलं काहीच या बाईला पटलं नव्हतं. काळी पडेल असं धरूनच ती सकाळी बांगड्या काढून आपल्या पायांनी टेबलापर्यंत चालत आली होती.

"नाही हो अक्का. गुलाबी झाली. कामालाही लागली." आणि मला राहवेना, "पण एवढी भीती होती, तर मान कशाला हलवलीत? पडली असती काळी तर?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "पडनी असती तं दुसरी शे ना."

 मी ओला कापूस घेतला आणि त्यांच्या ओठांवरून फिरवत राहिले.