रुपरावची बादली

तांडापेठेतल्या कोष्ट्यांची गोदूबाई फौजेच्या दवाखान्यात चादरींना रफू करायची. बाई विधवा, हात चलाख, जीभ त्याहून चलाख. पण १९४८ साली दिवाळीआधी तिचा धाकटा भाऊ चंद्रभान काश्मीरच्या लढाईतून त्याच दवाखान्यात येऊन पडला, आणि तिची बोलतीच बंद झाली. अंगावर ओरखडा नाही, पण भांडं पडलं तरी तो खाटेखाली शिरून थरथरायचा.

वॉर्डबॉय रुपरावला याची भारी मजा! मेला रोज लोखंडी बादली फरशीवर आपटायचा. सहा-सात जवान खाटांखाली शिरले की पोट धरून हसायचा. वर डॉक्टरांना सांगायचा, "सब ढोंग आहे साहेब. झोपेत मस्त घोरतेत." सोमवारी कर्नल साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी ढोंगी ठरवलं, की चंद्रभान परत लढाईवर. तिथून तो जिवंत यायचा नाही, हे गोदूबाईला पक्कं ठाऊक होतं.

तिने तक्रार केली, तर डॉक्टर म्हणाले, बादली आहे, पडते एखादवेळी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता ऐका. कर्नल साहेबांच्या बंगल्यावर तिला एकदा शिवणाला बोलावलं होतं. काम काय, तर दारांच्या कडांसाठी कापूस भरलेल्या पट्ट्या शिवायच्या, दार आपटलं तरी आवाज होऊ नये म्हणून. "ब्रह्मदेशच्या लढाईपासून साहेबांना सहन होत नाही," बाईसाहेब हळूच म्हणाल्या होत्या. "कुणाला बोलू नका." गोदूबाईने शब्द दिला होता, आणि पाळलाही. रुपरावला ती फक्त एवढंच म्हणाली, "भाऊ, साहेबाइसमोर आपट ना गा बादली. ढोंग कसं पकडतं, ते त्याइले दिसू दे. बढती भेटन."

"खरं सांगून राहिली का वं?"

"तर काय!"

सोमवारी साहेब चंद्रभानच्या खाटेशी उभे होते. रुपरावने मागून बादली आपटली, जोर लावून. जवान खाटांखाली गेले. आणि कर्नल साहेब, टोपी-बिल्ल्यांसकट, चंद्रभानच्या शेजारी फरशीला तोंड टेकून!

मग खाटेखालून चंद्रभान बोलला, "काही नाही साहेब, बादली आहे. पाच मिन्टात हाताची थरथर थांबते."

रुपरावला त्याच दिवशी हाकललं. चंद्रभानच्या कागदावर 'आजारी' लिहून त्याला घरी सोडलं. गोदूबाई फाटकापर्यंत गेली आणि रुपरावच्या तोंडावर मनसोक्त हसली. अस्सं गार वाटलं तिला!

दोन दिवसांनी बंगल्यावरून निरोप आला, एक पट्टी उसवली आहे. ती गेली, तर साहेब खुर्चीत बसले होते. त्यांचे हात अजून थरथरत होते. गोदूबाईची मान वर होईना.

"बादली आपटायला त्याला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मी, जी."

"भावासाठी?"

"भावासाठी बी," ती म्हणाली, "अन् तो रुपराव हसायचा, त्याच्यासाठी बी."

साहेबांनी उसवलेली पट्टी तिच्यापुढे सरकवली.

"पट्टी नीट शिवा," ते म्हणाले.