भालेरावचा डावा डोळा

किस्से जमवायला काही करावं लागत नाही. तीन रिकामटेकडे म्हातारे एका बाकावर बसवा, त्यातल्या एकाला मोतीबिंदू द्या आणि गंमत बघा! स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे हे साठतात. कोणी आणल्या, कधी आणल्या, पत्ता नाही. फेकवतही नाहीत.

आमचं बाक इकडे उत्तरेत, मानक नगरच्या मागच्या गल्लीत, कडुनिंबाखाली. त्यावर मी, दगडू पेंटर. शिक्षण सातवी, तीही दोन हप्त्यांत. दुसरा सार्जंट जाधव. एअरफोर्समधून रिटायर झाला, पण त्याची पाठ अजून ड्यूटीवर आहे. तिसरा भालेराव, माझ्याच कारखान्यातला फिटर, भुसावळपासूनचा माझा यार. बाकासमोरच त्याचं घर. त्यामुळे आमच्या अर्ध्या गप्पांना उत्तर खिडकीतून मिळतं. ते देतात सुशीला वहिनी.

वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेत. भालेरावची स्कूटर हेच त्यांचे पाय. सब्जी आणायला, रविवारी विहारात, मैत्रिणीकडे, सगळीकडे मागच्या सीटवरून. गुडगावचा मुलगा अमोल दर फोनला एकच सांगायचा, "पप्पा की स्कूटर जिस दिन बंद, उस दिन दोनों सामान बाँधो और यहाँ आओ." पोरगं मनाचं चांगलं, पण राहतं नवव्या मजल्यावर.

वहिनी म्हणायच्या, "तिथं बोलू कोणाशी? लिफ्टशी?"

*

सुरुवात आंब्यांपासून झाली. मलिहाबादच्या रस्त्यावर एकाने पिवळी ताडपत्री ताणून दुकान मांडलं होतं. खाली दशहरी आंबे असे, जणू सोन्याचे! भालेरावने पेटीच उचलली. घरी अंगणात उघडली, तर सगळे हिरवेगार.

वहिनी म्हणाल्या, "हे आंबे आहेत की पोपट?"

मी म्हणालो, "वहिनी, ताडपत्रीचा रंग आंब्यावर पडतो. पेंटरला विचारायचं ना!"

भालेराव उसळला, "अरे, मग तिथंच का नाही बोललास?"

"तिथं बोललो असतो तर इथं मजा काय आली असती?"

आम्ही पोट धरून हसत होतो. भालेरावने एक आंबा उचलला, उन्हात धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पण मला तर अजूनही पिवळेच दिसतायत."

आम्ही आणखी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

*

मग त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुगर फार वाढली आहे. खाली आणा, मग बघू."

पट्टी निघाली तेव्हा मी तिथंच होतो. भालेराव वहिनींकडे टकमक बघत राहिला.

"ही निळी साडी कधी घेतलीस?"

"तुम्हीच आणली होती. रिटायर झालात त्या दिवशी."

"काहीतरीच! मी राखाडी आणली होती!"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आणि मी इतकी वर्षं समजत होते, जन्मात एकदा तरी या माणसाने बरा रंग निवडला!"

घरी आल्यावर त्याचा खेळच सुरू झाला. डावा डोळा झाकला की भिंत दुधासारखी. उजवा झाकला की तीच भिंत चहासारखी. मी म्हणालो, "एकाच घरात दोन रंग, आणि पेंटरला मजुरी नाही! बुडवलास रे मला!"

*

माझ्या हाताला स्वस्थता नाही, हे सगळी गल्ली जाणते. निंबाच्या फांदीला सुतळीने एक रबरी चेंडू टांगला आणि भालेरावसमोर झोका दिला. सरळ, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्याला म्हणालो, "बघ रे, नवा डोळा कसा चालतो."

भालेराव एकदम मागे झाला. "गोल काय फिरवतोस? तोंडावर बसेल ना!"

मला वाटलं, आज यानेच मला बनवलं. जाधव बाकामागे जाऊन, एक डोळा बारीक करून बघून आला. "एकदम सरळ जातोय." भालेराव मात्र शपथेवर सांगे, की चेंडू जाताना लांबून जातो आणि येताना नाकासमोरून येतो!

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मळकट डोळा बघतो तेच, पण मेंदूला उशिरा कळवतो. मी माझ्या अकलेने समजून घेतलं, की एका डोळ्याचा डाकिया मोटरसायकलवर आणि दुसऱ्याचा पंक्चर सायकलवर. मेंदू बिचारा दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळच्या समजतो. मग आडवं जाणारं काहीही भलतीकडेच दिसतं. डावीकडून आलेलं, असतं त्याहून लांब; उजवीकडून आलेलं, असतं त्याहून जवळ. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत, दोन्ही उघडे असले की हे भांडण चालणार.

बाकावर ही डाकियाची गोष्ट सांगून मी पुन्हा हशा घेतला. तेवढ्यात जाधव हळू आवाजात म्हणाला, "दगडू, चेंडूचं ठीक आहे. चौकात ई-रिक्शा आडवी येते, तिचं काय?"

चेंडू अजून हलत होता. मी हाताने धरून थांबवला.

*

बाई बोलता बोलता आणखी एक म्हणाल्या होत्या, की चांगल्या डोळ्यासमोर काळी काच धरली तर दोन्ही डोळे बरोबरीला येतात. हे फक्त समजावण्यासाठी, असंही म्हणाल्या होत्या. पण ते मी सोयीने विसरलो! माझ्या गॉगलची डावी काच काढली आणि भालेरावला चढवला. चेंडू खरंच सरळ झाला. दुसऱ्या दिवशी स्वारी तोच घालून, वहिनींना मागे घेऊन सब्जीला निघाली.

चौकातल्या सिपायाने हात केला. "अरे चचा, ये आधा चश्मा?"

भालेराव म्हणाला, "भैया, ऑपरेशन भी आधा ही हुआ है."

सिपाही एवढा हसला की त्याला शिट्टी वाजवता येईना. फोटोसुद्धा काढला. म्हणाला, "जाइए, जाइए." भालेरावने किक मारली. तेव्हा सिपायाचं हसू उतरलं आणि तो वहिनींकडे वळून म्हणाला, "चची, आप उतर जाइए."

वहिनी उतरल्या नाहीत. घरी येऊन गॉगल मात्र नालीत गेला. तोही माझा!

*

जाधवची मात्र खात्री, की हा सगळा शिस्तीचा प्रश्न आहे. "आमच्या डोळ्यांनी आम्हाला कधी दगा दिला नाही!" असं ऐकलं की माझ्या तळहाताला खाज सुटते.

त्याला नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर नेला. पाणी जोरात होतं. म्हणालो, "सार्जंट, पाण्यातल्या एका जागेवर नजर लाव, हलवू नकोस." शिस्तीचा माणूस, दगडासारखा उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणालो, "आता काठाकडे बघ."

काठ चालायला लागला! झाडं, गवत, बांधलेली म्हैस, सगळं पाण्याच्या उलट सरकायला लागलं. जाधवने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने माझी कॉलर.

"दगडू, बंद कर ते!"

जसं काही बटण माझ्या खिशात होतं! मी हसून हसून खाली बसलो. जाधवचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. परत येताना वाटेत म्हणाला, "माझे तर दोन्ही डोळे चांगले आहेत रे." मलाही मग हसू आलं नाही.

*

त्या दिवसापासून मी सायकल काढून भालेरावच्या मागे जायला लागलो. गंमत म्हणून नाही. गप्प घरी बसवेना म्हणून.

तेव्हा कळलं, की वहिनी मागे नुसत्या बसत नाहीत. डावीकडून काही आलं की डाव्या खांद्यावर थाप, स्कूटर थांबली. उजवीकडून काही आलं की भालेराव उगाच दचके, तेव्हा पाठीवर हलकीशी चापट, म्हणजे चला, लांब आहे.

मी घरी आल्यावर विचारलं, "वहिनी, लायसन्स कोणाच्या नावाचं आहे?"

वहिनी इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "भावजी, हळू बोला. त्यांना वाटतं, मी घाबरून मारते."

*

आणि मग अमोल आला. आधा चश्मावाला फोटो मोबाइल-मोबाइल फिरत गुडगावला पोचला होता. आला तो बॅगा रिकाम्या घेऊनच. वहिनींनी चहा ठेवला, पण साखर घालायची विसरल्या.

अमोल म्हणाला, "पप्पा, मैं पीछे बैठूँगा. नहर तक जाकर वापस. सही-सलामत आए तो चाबी आपकी. नहीं तो कल की ट्रेन."

वहिनी पटकन म्हणाल्या, "मी बसते ना मागे, तू सायकलवर ये!"

"नहीं मम्मी. मैं."

भालेरावने हेल्मेट चढवलं. वहिनींकडे बघितलं नाही. स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली.

आम्ही बाकावर. जाधवची पाठ पहिल्यांदाच वाकलेली पाहिली. वहिनी खिडकीत उभ्या, दुखत्या गुडघ्यांवर, आणि त्यांचा हात खिडकीच्या कठड्यावर थापा मारत होता. डावीकडे थाप, थांबून पुन्हा थाप. लांब कुठंतरी हॉर्न वाजला, मग ब्रेकचा आवाज, मग कोणीतरी ओरडलं. मी जन्मभर बडबड केली, पण त्या वेळी एक विनोद सुचला असेल तर शपथ!

शेवटी स्कूटर आली. हळू, सरळ, आणि बाकासमोर येऊन उभी राहिली. अमोल उतरला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. सरळ खिडकीपाशी गेला आणि चाबी आईच्या हातात ठेवली.

वहिनींनी मूठ घट्ट मिटली. "म्हणजे बरी चालवली ना रे?"

"पता नहीं मम्मी," अमोल कडुनिंबाला टेकून म्हणाला. "चौराहा आते ही मैंने आँखें बंद कर ली थीं. यहीं आकर खोलीं."

भालेराव हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाला, "मीसुद्धा. पण एकच!"