सर आम्हाला 'तुम्ही' म्हणायचे

सरांविषयी लिहिण्याचा अधिकार खरं तर त्यांच्या बरोबरीच्या माणसांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर चार ओळी लिहिण्याची सवय मलाही नाही. तेव्हा हे धाडसच झालं, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण हल्ली सरांवर जे बोलतात त्यांच्या बोलण्यात सरांचा कॉलेजातला वर्ग कुठेच येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी शिरड शहापूरहून एसटीनं हिंगोलीला यायचो. पहिल्याच आठवड्यात गाडी चुकली आणि तासाला उशीर झाला. राज्यशास्त्राचे सर फळ्याकडून वळले आणि म्हणाले, "या, बसा तुम्ही."

मी दारातच गार पडलो. आमच्याकडे पोरासोराला 'तुम्ही' म्हणतात ते टोमणा मारतानाच. "या राजे, जेवता का आता?" असं आई म्हणाली की समजायचं, आज आपली धडगत नाही.

"चुकलं सर," मी म्हणालो, "पुन्हा न्हाई होणार."

वर्ग हसला. मी कशाला घाबरलो हे सरांना कळेना. बाकावरच्या एकानं मला सदऱ्याला धरून खाली बसवलं. "अबे बस ना. ते समद्यांनाच तुमी म्हणतेत."

खरंच म्हणायचे. "तुमचं मत काय?" असं विचारून खडू हातात धरून उभे राहायचे. माझं मत तोवर कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला मत असतं असंही मला वाटलं नव्हतं. हळूहळू मी बोलू लागलो. चुकीचं बोललो तरी सर म्हणायचे, "तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे," आणि ती शोधून काढायचे.

ग्रामपंचायतींचा अभ्यास करायला ते गावोगाव जात. लोक आपली गाऱ्हाणी सांगत, मग सर त्यांच्याबरोबर तहसीलला जात. असं करत करत लोकच म्हणायला लागले, सर, आता तुम्हीच उभं राहा. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ते विधानसभेला उभे राहिले. बिनपगारी रजा घेतली. शेवटच्या तासाला म्हणाले, "निवडून नाही आलो, तर उरलेलं प्रकरण मीच शिकवीन."

त्या एका वाक्यानं आमची पंचाईत केली. सर जिंकावेत असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण जिंकले तर आम्हाला सर उरणार नव्हते.

प्रचाराला ते आमच्या वस्तीत आले. समाजमंदिरापुढं माझा आजा बसला होता. सर वाकून म्हणाले, "जय भीम बाबा. तुमची तब्येत कशी आहे?"

आज्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मला म्हणून राहिले व्हय? मला वाटलं कोनी सायेब आला माझ्यामागं!"

सगळे हसले. गळ्यात उपरणं घातलेला कार्यकर्ता सरांच्या कानाशी लागला, पण त्याचं कुजबुजणंही भाषणासारखंच होतं. "सर, अहोजाहो केलं की लोकांना परकं वाटतं. काय रे म्हाताऱ्या म्हणा, खांद्यावर हात टाका. मग बघा!"

सरांनी मनापासून प्रयत्न केला. आज्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय रे बाबा... बसा ना तुम्ही, उठू नका."

आजा इतका हसला की त्याला ठसका लागला. "ऱ्हाऊ द्या सर. तुमच्या तोंडाला नीट बसंना ते. तुमचं तुमीच बरं हाय."

निघताना मी सरांना गाठलं. धीर करून विचारलं, "सर, तुम्ही परत येणार ना वर्गावर?"

"ए पोरा!" कार्यकर्ता ओरडला. "काहून अशुभ बोलून राहिला? पडावं का सरांनी?"

माझी मान खाली गेली. सर म्हणाले, "विचारू द्या त्यांना." आणि जीपमध्ये चढले. जीप धुरळा उडवत निघून गेली.

मत मी सरांनाच दिलं. ते माझं आयुष्यातलं पहिलं मत. बटण लगेच दाबलं. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर मात्र काहीतरी हातून सुटल्यासारखं वाटलं.

निकालाच्या दिवशी आम्ही दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होतो. तिथं फोनला रेंज नसते. दुपारी गावाकडून फटाके ऐकू आले, पण फटाके कुणाचेही असतात. आई म्हणाली, "वेच तू, कळंल." मी वेचत राहिलो. बोंडं हाताला टोचत होती आणि कान रस्त्याकडं होते.

ऊन कलल्यावर बाबा बांधावरून येताना दिसले. कपाळभर गुलाल होता. जवळ येऊन थांबले. आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"आले तुझे सर निवडून," ते म्हणाले. "आता काई ते तुमच्या वर्गावर येत न्हाईत."