घोंगडीवरची चकती

उभा जन्म सोन्याच्या खाणीत दगडाला भोकं पाडण्यात गेला, त्यामुळे न्ताते म्हणजे बाबा लेबुसा, त्यांचे हात एव्हटन वस्तीत सगळ्यांच्या ओळखीचे. कुणाचं दार बसेना, कुणाचा पत्रा गळतोय, की बोलवा म्हाताऱ्याला. आता तेच हात अंथरुणावर नुसते पडून असायचे. कॅन्सर मणक्यात शिरला होता. हातांत चमचा धरायचंही बळ उरलं नव्हतं. बळ होतं ते फक्त दुखण्याला.

मी त्यांच्याकडे दर आठवड्याला जाणारी नर्स. जोहान्सबर्गच्या इस्पितळात एका नव्या उपायाची चाचणी चालली होती, तीत त्यांना घेतलं होतं. औषध जुनंच, मॉर्फिनच्या जातीचं. नवं होतं ते औषध सोडायचं तंत्र. छातीच्या कातडीखाली जेलीचा एक लहान तुकडा बसवलेला. वरून चकती टेकवून बटण दाबलं की बारीकशी वीज जाते, जेली आकसते आणि पिळल्यासारखं औषध सोडते. वीज थांबली की औषधही थांबतं. गोळ्या त्यांच्या पोटात ठरत नव्हत्या आणि सुई टोचायला रोज कोण येणार? तेव्हा काय ती आशा या जेलीचीच.

आणि ती चालत नव्हती. चकतीतली नोंद सांगायची, बटण वेळच्या वेळी दाबलं जातंय. रक्तात मात्र औषधाचा मागमूस नाही.

"यांच्या अंगात जेली दादच देत नाही," चाचणीचे डॉक्टर व्हेंटर म्हणाले. "शुक्रवारी काढून टाकू. जागा दुसऱ्या कुणाला देता येईल."

बसमधली सीटच जणू. माझं डोकं फिरलं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "न्ताते, बटण दाबल्यावर बरं वाटतं का?"

"वाटतं की. सून सगळं वेळेवर करते."

हे सांगून त्यांनी ओठ असा चावला की तो पांढरा पडला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की लगेच कळतं.

घरात ती दोघंच. मुलगा ट्रक घेऊन डर्बनच्या वाटेवर, महिनाअखेरीला घरी. सून मात्शेपो पोरसवदा, कामाला वाघीण. सासऱ्याची आंबील कधी थंड झाली नाही की अंथरूण कधी ओलं राहिलं नाही. अंघोळ घालायला शेजारचा मोलेफे सुट्टीच्या दिवशी यायचा.

बुधवारी मी न कळवता गेले. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू. मात्शेपो पदराआड बसावं तशी डोक्यावरून शाल ओढून खाटेशेजारी गुडघ्यांवर बसली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात लांब करून चकती सासऱ्याच्या छातीवर ठेवली. छातीवर म्हणजे घोंगडीवर. आमची लोकरीची जाड घोंगडी, तीही दुहेरी. तिच्यातून थंडी जात नाही, वीज काय जाणार. आणि चकतीला कातडी आणि घोंगडी यातला फरक कळत नव्हता. मध्ये घोंगडी येईल हे ती बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

"अगं, इस्पितळात शिकवलं होतं ना? चकती कातडीला टेकायला हवी."

"हो, आउसी," ती म्हणाली; आउसी म्हणजे ताई. "रबराच्या माणसावर नीट टेकवली होती मी."

"मग इथे काय झालं?"

"हे सासरे आहेत," ती खाली बघून म्हणाली.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्या अंथरुणावर बसत नाही, त्याच्या उघड्या अंगाकडे बघतसुद्धा नाही. मीही कुणाची तरी सून आहे, मला हे कुणी सांगायला नको होतं. संताप आला, पण काढायचा कुणावर?

"वाटलं, वीजच ती, जाईल आरपार," मात्शेपो म्हणाली. "आणि न्ताते म्हणायचे, बरं वाटतंय."

मी म्हाताऱ्याकडे वळले. "तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पोरीला घोंगडीत हात घालावा लागला असता."

मी तिला बाहेर पाठवलं, घोंगडी सारली आणि चकती टेकवली. थोड्या वेळानं त्यांचा जबडा सैल पडला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी आपणहून आंबील मागितली. इतके दिवस हे सुख एका घोंगडीपलीकडे पडून होतं.

पण उद्या कोण? मोलेफे उजाडायच्या आत कामाला जातो, रात्री उशिरा परततो. मी राहते चार गावं पलीकडे. शेवटी संध्याकाळच्या वेळेला मी मात्शेपोलाच पुढे केलं. तिनं डोळे गच्च मिटले. घोंगडीखाली तिचा हात चाचपडत गेला, जागेवर पोचला, आणि तिनं बटण दाबलं. औषध उतरलं, मला त्यांच्या श्वासावरूनच कळलं. आणि म्हाताऱ्याच्याही मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं.

ती बाहेर गेल्यावर ते मला म्हणाले, "पुलेंग, शुक्रवारी ती जेली काढायला सांग."

"वेड लागलंय का? आता कुठे ती चालायला लागलीय."

"दुखणं माझ्या एकट्याचं होतं. ही लाज दोघांची आहे."

मी बोलू नये ते बोलले. "लाज उराशी धरून खड्ड्यात जाणार का?"

"खड्ड्यात तर जायचंच आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण मागे राहणार ती. मला शिवलेल्या हातानं तिला उद्या भाकरी खायचीय."

त्यांचं शरीर, त्यांचा शब्द. नको म्हणाले की काढावीच लागणार.

अंगणात नळाखाली मात्शेपो हात धूत होती. धुऊन झाले तरी धूतच होती.

"काढू देऊ नका, आउसी," ती म्हणाली. "मी ठेवीन. त्यांना झोप लागली की ठेवीन, कळणारही नाही त्यांना."

मी नाही म्हणून मान हलवली. औषध पडल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.