देवाखालचा पिन

आयुष्यात मी एकदाच चोरी केली, आणि ती फोननेच पकडली.

गणपतीच्या महिनाभर आधी अंधेरी स्टेशनच्या पुलावर कोणीतरी माझा फोन हिसकावून नेला. सगळे नंबरही त्याच्याबरोबर गेले. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. फोन चोरांपासून कसा वाचवावा, यावर लगेच लेख लिहिला, स्वतःसाठी साधा बटणांचा फोन घेतला आणि आईच्या स्मार्टफोनची सगळी सुरक्षा सेटिंग्ज चालू केली. हातातून हिसकावून कोणी पळालं, तर फोनला ते कळतं आणि तो आपोआप लॉक होतो. शिवाय तिच्या जन्मतारखेचा पिन बदलून सहा भलतेच आकडे टाकले आणि कागदावर लिहून दिले. (आकडा आठवणीवर सोडायचा नाही, ही न्यूजरूमची शिस्त. त्यामुळे तो मीही लक्षात ठेवला नाही.)

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा आम्ही दोघं बोरीवलीतच राहिलो. बायको-मुलं मालवणजवळच्या आमच्या गावी गेली. तिथे आरतीनंतर भाऊकाका, म्हणजे आईचे धाकटे दीर, घरातल्या प्रत्येकासाठी देवाला गाऱ्हाणं घालतात आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लग्नापासून आईने ते एकदाही चुकवलं नव्हतं.

"बाराक फोन लाव वैनी," काकांनी बजावलं होतं. "देव थांबाचो नाय."

बाराला पाच कमी असताना आई हॉलमध्ये काकांचं नाव शोधत होती.

"आई, इथे रेंज नाही. गॅलरीत चल."

"हा गुडघा घेऊन? मी पोचेपर्यंत विसर्जन होईल."

मी तिच्या हातातून फोन ओढला आणि गॅलरीकडे धावलो. फोन लॉक. तसाच आईकडे परत आलो.

"आई, बोट लाव."

लावलं. एरवी चार-पाचदा लावल्यावर ओळखायचा, आता काही केल्या ओळखेना. नारळ खोवून खोवून तिच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत.

"बरं, तो कागद कुठाय?"

"सुनबाईकडे दिला. म्हटलं, गावी देवाच्या पाटाखाली ठेव. तिथनं कोण चोरणार?"

प्रतिष्ठापना झाली की मूर्ती विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. पण तो प्रश्न पुढचा. आधी गावी फोन लावायला हवा होता, आणि माझ्या नव्या फोनमध्ये मी अजून एकही नंबर भरला नव्हता; ते सगळे होते त्या लॉक झालेल्या फोनमध्ये.

"तुझ्या डबड्यावरून बायकोला लाव ना रे."

मी पहिले दोन आकडे दाबले आणि थांबलो.

"वीस वर्षं झाली लग्नाला. नंबर पाठ नाही?"

बारा वाजून गेले.  आई नुसती गॅलरीच्या दिशेने हात जोडून बसली. मी रेंजसाठी तिचा फोन घेऊन पुन्हा गॅलरीत गेलो, तेवढ्यात तो हातातच वाजला. भाऊकाका, व्हिडिओवर.

"आई, लॉक आहे गं, कसा उचलू?"

"दे इकडे." मी गॅलरीतूनच फोन पुढे केला. ती काठी टेकत तिथवर आली आणि तिने हिरवं बटण सरकवलं. आलेला फोन घ्यायला पिन लागत नाही, हे माझ्या लेखात नव्हतं.

"वैनी, खंय होतंस गो? तुझ्यासाठी थांबलंव."

आईने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी आजवर संपादित केलेल्या कुठल्याही बातमीपेक्षा ते नेमकं होतं. मग काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आमच्या वैनीच्या गुडघ्याक आराम पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिकडे सगळे म्हणाले. आईने डोळे पुसले.

"आणि ह्या झीलाच्या हातून आवशीच्या फोनाची चोरी झाली आसात, तर ती पदरात घे आणि तेका बायकोचो नंबर पाठ होवंदे रे म्हाराजा."

'व्हय म्हाराजा'चा सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता. दुसरा आईचा.

तिसरा माझा.