स्पेसर जाड की पातळ

पहिल्या बाळंतपणासाठी मला माहेरी न्यायला धाकटा भाऊ लोधिवलीला आला, तो जीप घेऊन. लष्कराच्या लिलावातली ही जुनी जीप त्याने वर्षभर खपून चालती केली होती आणि नुकतीच तिला रुंद चाकं बसवली होती. सासूबाईंनी ओटी भरली, आळीतल्या बाया दारात जमल्या. माहेरचा माणूस थाटात आला म्हणून माझी मान ताठ झाली, पण पाय काही उचलेना.

चाकं मडगार्डच्या पार बाहेर आली होती. अरुंद चाकाच्या जागी रुंद चाक लावलं की ते आत स्प्रिंगच्या पाट्याला घासतं. म्हणून चाकामागे स्पेसर, म्हणजे लोखंडी चकती, घालून ते बाहेर सरकवतात. भावाने मोहोपाड्याला एका लेथवर जाड आणि पातळ अशा दोन्ही करून घेतल्या होत्या, आणि गाडी ऐटबाज दिसते म्हणून जाड बसवल्या होत्या. चकती जितकी जाड, तितका बोल्ट नटाला आखूड पडतो. माहेरी आमची भाताची गिरणी. नटाच्या बाहेर बोल्टचं टोक दिसलं पाहिजे, हे आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलेलो. इथे ते नटाच्या आतच बुडालं होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? हौसेपुढे अक्कल गहाण.

सासरच्या अंगणात बोलायची चोरी. बोलले असते तर चारचौघांत भावाची शोभा, शिवाय निघताना मोडता घातला म्हणून सासूबाई रागावल्या असत्या. मी गाडीत चढले. पोटावर दोन्ही हात धरून चौकपर्यंत कशी आले ते माझं मला ठाऊक.

चौकला मी गाडी थांबवायला लावली आणि नटांना पाना लावून बघ म्हटलं. मला भित्री म्हणत, हसतच तो खाली उतरला. पान्याला जोर लागलाच नाही. पुढच्या चाकाचा एक नट लगेच त्याच्या हातात आला. तो वाकून एकेका चाकाचे नट चाचपायला लागला.

पातळ स्पेसर गाडीतच मागे पडले होते, ते मी लावायला सांगितले.

“ताई, मग वळणावर टायर घासंल. फुटला म्हंजे?”

“टायर फुटला तर गाडी थांबंल रं. चाक निघालं तर?”

त्याने पातळ चकत्या घातल्या. नट नीट बसले. पण आता तोच मला गाडीत घेईना. मला एसटीत बसवलं आणि मागोमाग एकटा निघाला. मी मागच्या बाकावर, काचेला तोंड लावून. पोटातल्या जिवाची काळजी सरली, भावाची सुरू झाली. पातळ स्पेसर मीच सांगितले होते. टायर फुटून गाडी रस्त्याखाली गेली तर आईला काय तोंड दाखवू? दर वळणाला जीप दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा दिसेपर्यंत मी काच सोडायची नाही. कर्जत जवळ आलं तशी ती दिसेनाशी झाली ती झालीच.

माझं माहेर भिसेगाव कर्जतच्या स्टँडपासून जवळच, पण मी तिथून हलले नाही. मला रडताना पाहून एका बाईने दिवस भरलेत का म्हणून विचारलं. बऱ्याच वेळाने जीप आली, रांगत रांगत. पुढच्या टायरची आतली बाजू घासून दोरे दिसत होते. लांब बोल्ट घालीन, मधल्या जाडीचे स्पेसर करून घेईन, असं तो उतरल्या उतरल्या सांगायला लागला. मी भर स्टँडात त्याच्या एक ठेवून दिली.

“जुनी चाकं लाव,” म्हटलं. “माझ्या लेकराला मामा पायजे.”