वहिनीचे हात चौथ्या पानावर

माझी वहिनी पावसजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात तांदळाएवढा एक पांढरा ठिपका होता. पुढे तो पसरत गेला. आता तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे आहेत आणि चेहरा अर्धा सावळा, अर्धा पांढरा. घरात आम्हाला ते कोड दिसेनासं होऊनही बरीच वर्षं झाली. बाहेरचं कोणी आलं आणि बोलताबोलता अडखळलं, की मग आठवण होते.

मी नोकरीसाठी रत्नागिरीत राहतो आणि सवड मिळेल तशा गोष्टी लिहितो. एका दिवाळी अंकासाठी मी तिच्यावरच गोष्ट लिहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या वर्गातली एक मुलगी अचानक शाळेत यायची थांबली होती. वडील मुंबईला, घरी तान्हा भाऊ, आणि आई दिवसभर दुसऱ्यांच्या कामावर. वहिनी रव्याचे लाडू घेऊन चढण चढून त्यांच्या वाडीत गेली, आईशी बोलत बसली आणि पुढच्या सोमवारी मुलगी भावाला कडेवर घेऊन वर्गात हजर झाली. वहिनीने दोघांनाही बसवून घेतलं. दादाकडून मी हे ऐकलं होतं.

गोष्टीत माणसं कशी दिसतात हे मी सहसा लिहीत नाही. वाचणारा आपापला चेहरा आणतोच, मग आपण कशाला मध्ये पडायचं, असं मला वाटायचं. पण संपादकांचा फोन आला. म्हणाले, "गोष्ट आवडली, पण बाई दिसत नाहीत हो. थोडं काहीतरी द्या."

मग मी एक परिच्छेद लिहिला. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, सुती साडी, नाकावरून घसरणारा चष्मा, हसताना गालाला पडणारी खळी. लिहिताना मजा आली. आवडत्या माणसाकडे इतका वेळ टक लावून बघायला एरवी कुठे मिळतं? कोडाबद्दल मात्र लिहिलं नाही. जन्मभर लोक हिच्याकडे वळून बघतात, कागदावर तरी तिला सुटका असावी, एवढंच मनात होतं.

दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा अंक आला होता. वहिनी पडवीत बसून वाचत होती आणि मी शेजारीच नारळ सोलायचं निमित्त काढलं होतं. ती मध्ये एकदा हसली, मग अंक मिटून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने विचारलं,

"भावजी, ती बाई मीच ना?"

"हो, तूच."

"चष्मा मी फक्त हजेरी घेताना लावते. बाकी सगळं बरोबर आहे. पण माझं कोड कुठे गेलं?"

दादाने पेपरातून डोकं वर काढलं. मी म्हटलं, "तुला वाईट वाटेल असं वाटलं."

"वाईट वाटायचं ते केव्हाच वाटून झालं," ती म्हणाली. "तुमची बाई छान आहे ओ, पण ती दुसरीच कोणीतरी आहे. ती त्या वाडीत गेली असती तर तो प्रकारच झाला नसता."

"कसला प्रकार?"

मग तिने आम्हा दोघांनाही ठाऊक नसलेलं सांगितलं. तिने डब्यातून लाडू काढून पुढे केला तेव्हा त्या आईचा हात अर्ध्यावर थांबला. घ्यावा की घेऊ नये, तिला कळेना. वहिनीनेही हात मागे घेतला नाही. तेवढ्यात मुलगी पुढे आली, बाईंच्या हातातून लाडू घेऊन तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला आईच्या तोंडाशी धरला. आईने तो खाल्ला आणि रडू लागली. त्यानंतर खरं बोलणं झालं.

दादा म्हणाला, "मला नाही सांगितलंस कधी."

"तू भांडायला गेला असतास," वहिनी म्हणाली.

गोष्टींचं पुस्तक निघायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "हे सगळं घालतो. कोडाचं अगदी पहिल्या परिच्छेदात लिहितो."

"तिथे नको. नवीन माणूस भेटलं की त्याला आधी कोड दिसतं, मग मी. शाळेतली पोरं तेवढी दोन दिवसांत विसरतात. तुमच्या गोष्टीत आधी मी येऊ दे. ते मागून येईल."

त्या हिवाळ्यात मी गोष्ट पुन्हा लिहिली. दर रविवारी गावी जाऊन तिला वाचून दाखवायचो. ती वाल निवडत ऐकायची. अंबाडा, साडी, चष्मा, सगळं एकेक करून गेलं. ती खडू आधी मोडून घेते, फळ्यावर किंचाळू नये म्हणून, ते राहिलं. चढण चढताना पोरांना पाढे म्हणायला लावते, म्हणजे तिला दम लागलेला कळत नाही, तेही राहिलं. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी तिच्याबरोबर ती चढण कितीदा चढलो होतो. चौथ्या पानावर लाडू पुढे येतो, आणि तिथे पहिल्यांदा तिचे हात दिसतात, पांढरे, बोटांच्या पेरांवर थोडे सावळे. दोनच ओळी आहेत. त्या वाचल्या तेव्हा वहिनीने वाल बाजूला ठेवले आणि म्हणाली, "हां, आता मी गेले तिथे."

पुस्तक आंब्याच्या पेट्या भरायच्या गडबडीत आलं. ती मुलगी आता रत्नागिरीत कॉलेजला आहे. वहिनीने तिला एक प्रत दिली. चार दिवसांनी त्या मुलीचा मला फोन आला. गोष्ट आवडली, पण एक तक्रार होती: सगळ्यांबद्दल काही ना काही आहे, ती स्वतः कशी दिसते हे कुठेच नाही.

मी वहिनीला विचारलं, "कशी दिसायची गं ती तेव्हा?"

"चेहरा नाही आठवत आता," ती म्हणाली. "पण मी वर्गात गोष्ट सांगायला लागले की ती भावाच्या कानावरची टोपी वर करायची. त्यालाही ऐकू यावं म्हणून."

मी ते लिहून घेतलं. दुसरी आवृत्ती निघाली तर त्यात घालीन.